तुटलेला अवयव पुन्हा कसा उगवतो?

जळगाव-धुळे भागातील घराघरांत दिसणारी पाल संकटात सापडली की शेपटी टाकून पळते. शेपटीच्या मणक्यांत तुटण्याची जागा निसर्गतःच ठरलेली असते. गिरणा व पांझरा नद्यांकाठचा खेकडाही शत्रूने धरलेला पाय बुडाशी सोडून देतो. पुढे दोघांनाही गमावलेला अवयव पुन्हा लाभतो. या क्रियेस पुनर्जनन म्हणतात.

बेडकाच्या नात्यातील सॅलॅमँडरचे पाय पुन्हा उगवतात, हे इटालियन शास्त्रज्ञ स्पालांझानी यांनी १७६८ मध्ये दाखवून दिले. त्याचा आरंभ जखमेवरच होतो. प्रथम भोवतालच्या त्वचेतील पेशी सरकत येऊन जखम झाकतात. या आवरणाखाली पेशी जमून त्यांचा अंकुर बनतो. त्यात मज्जातंतू शिरल्यावाचून वाढ होत नाही. अंकुरातूनच हाडे व स्नायू घडतात. पालीच्या नव्या शेपटीत मात्र मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते; खेकड्याचा नवा पाय कात टाकताना उलगडतो.

मनुष्याची जखम व्रण धरून भरते. अंकुर फुटत नाही. लहान मुलांच्या बोटाचे टोक तेवढे कधी कधी पुन्हा वाढते. म्हणून कडबा कापण्याच्या यंत्रात बोट तुटल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे, पिशवी बर्फावर ठेवावी आणि जखमी व्यक्तीसह तत्काळ रुग्णालयात न्यावी. बोटास बर्फ प्रत्यक्ष लागू देऊ नये. शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती अवश्य द्यावी.