ताऱ्यांच्या फोटोला कोणता कॅमेरा?

ताऱ्यांचा उजेड मंद. दिवसाच्या फोटोला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. ताऱ्यांना १०-१५ सेकंद लागतात. तेवढ्यात हात हलतोच. म्हणून आधी तिपाई, मग कॅमेरा! पण फार वेळही चालत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे ठिपक्याची रेघ होते.

कॅमेरा घेताना पाहावे :
१) शटर किती सेकंद उघडे ठेवायचे, ते आपल्याला ठरवता येते का?
२) भिंग हाताने फिरवून फोकस जुळतो का?
३) तिपाईवर बसवायला आटे आहेत का?

एवढे असले की जुना, वापरलेला कॅमेराही पुरतो.

बाबांकडे हट्ट धरण्याआधी घरच्या मोबाईलात शटरचे सेकंद बदलतात का बघा. बदलत असतील तर तो विटेला टेकवा, टायमर लावा. डिसेंबरात रात्री नऊला पूर्वेकडे मृग नक्षत्र दिसते. त्यातला एक तारा तांबूस, एक निळसर उमटला की समजा, जमलं!