उजव्या पायाची धग

काळेवाडीतून चाकणला मोटारसायकलवर कामाला जाणाऱ्या माणसाचा उजवा पाय डाव्याच्या आधी थकतो. बहुतेक गाड्यांचा बेंड पाइप इंजिनातून निघून उजव्या पायाजवळून मागे जातो आणि सायलेन्सरही त्याच बाजूला असतो. एम्पायर इस्टेटचा पूल ओलांडून केएसबी चौक, तिथून स्पाइन रोडने मोशी, मग नाशिक रस्त्याने चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा आणि शेवटी चाकणचा तळेगाव चौक. पहिल्या पाळीला निघालं तर या वाटेवर निदान वारा तरी लागतो. दुसऱ्या पाळीला, एप्रिल-मेच्या भर दुपारी, कंटेनरच्या रांगेत इंच इंच सरकताना नडगीपासून मांडीपर्यंत जी झळ लागते, ती ज्याने सोसली त्यालाच ठाऊक.

मी चाकणजवळच्या म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि बरीच वर्षं हाच रस्ता तुडवतो आहे. ही धग कमी करण्यासाठी गॅरेजवाल्यांचे, सोबत्यांचे, दुकानदारांचे नाना उपाय पाहिले, काही गाडीवर करून घेतले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. इंजिनाची उष्णता दाबून नाहीशी होत नाही. एका जागेवरून हटवली की ती दुसऱ्या जागी निघते. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी ती कुणाच्या अंगावर जाणार आहे, हे पाहायला हवं.

एवढी उष्णता येते कुठून?

साधा हिशोब करून पाहा. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेली, लिटरला 50 किलोमीटर देणारी गाडी तासाला एक लिटर पेट्रोल जाळते. एक लिटर पेट्रोल तासाभरात जाळणं म्हणजे सुमारे 9 किलोवॅट उष्णता. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाक फिरवायला लागतो. उरलेले साडेसहा किलोवॅट इंजिनाच्या अंगातून आणि सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडतात. घरातला मोठा गीझर साधारण 2 किलोवॅटचा असतो. असे तीन गीझर आपल्या पायांशी चालू आहेत, असं समजा.

गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा सिलिंडरच्या फिन्समधून जातो आणि ही उष्णता मागे फेकतो. गाडी थांबली की वारा थांबतो, इंजिन मात्र तापतच राहतं. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर न जाणवणारी धग तळेगाव चौकात असह्य होते. ज्या गाड्यांना रेडिएटर असतो त्यांचा पंखा अशा वेळी चालू होतो. इंजिन वाचतं, पण गरम हवेचा झोत थेट नडगीवर येतो.

आमच्या आधीच्या पिढीला हा त्रास एवढा नव्हता. 1972 पासून आकुर्डीत बनलेली चेतक स्कूटर या भागातल्या घराघरांत होती. तिचं इंजिन उजव्या बाजूच्या झाकणाखाली, चालवणाऱ्याच्या पायांच्या मागे असे, आणि इंजिनाबरोबर फिरणारा पंखा गाडी उभी असतानाही त्यावर हवा मारत असे. मोटारसायकलचं इंजिन दोन पायांच्या मधोमध आलं आणि एअर-कूल्ड गाड्यांत तो पंखाही गेला.

त्यात 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 नियम लागू झाले. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट तापल्याशिवाय काम करत नाही. त्याला अडीचशे-तीनशे अंशांची तरी गरज असते. तो लवकर तापावा म्हणून अनेक गाड्यांत त्याला इंजिनाच्या जवळ, म्हणजे पायाच्याही जवळ आणलं आहे. त्यामुळे नवी गाडी जास्त तापते हा निव्वळ भास नाही. पण "साहेब, नव्या गाड्या तापणारच" असं म्हणून गॅरेजवाला हात झटकत असेल, तर ते मात्र ऐकून घेऊ नका. नेहमीची धग वेगळी आणि बिघाडाची धग वेगळी.

धोका ब्रेकचा

या धगीकडे मी गांभीर्याने पाहतो ते चटक्यापेक्षाही ब्रेकमुळे. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. झळ लागायला लागली की माणूस नकळत गुडघा बाहेर काढतो, पाय फूटरेस्टवरून उचलून हवेत धरतो. मोशीच्या पुढे एका टेम्पोने अचानक समोर गाडी घातली, तेव्हा माझ्यापुढच्या मोटारसायकलवाल्याचा उजवा पाय असाच बाहेर लटकत होता. पाय ब्रेकवर येईपर्यंत गाडी टेम्पोच्या फाळक्याला टेकली. वेग कमी होता म्हणून निभावलं. पाय आत ठेवणं अशक्य होत असेल, तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे हे समजून गाडी दाखवा.

पैसे खर्च करण्याआधी हे तपासा

पहिली जागा बेंड पाइप इंजिनाला जिथे जोडतात तिथली. तिथलं पॅकिंग बसलं असेल किंवा नट सैल असेल, तर धगधगता वायू सरळ नडगीवर येतो. जोडाभोवती काळी काजळी दिसते आणि रेस दिल्यावर फट्-फट् आवाज येतो. सकाळी गाडी थंड असताना चालू करायची आणि पहिल्या काही सेकंदांत जोडाजवळ, न टेकवता, तळहात धरायचा. हवेचे ठोके लागले की पॅकिंग गेलं. थोडक्या पैशांचं काम, पण पायाला सर्वांत जास्त आराम याच कामाने मिळतो असं मी पाहिलं आहे.

दुसरं, प्लग आणि टॅपेट. गाडी मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भट्टीसारखा तापतो. उलट हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, उदाहरणार्थ इनटेकच्या रबराला चीर गेली, तरीही इंजिन तापतं. अंधारात बेंड पाइप लालसर दिसला तर ती गाडी तशी चालवू नका.

तिसरं, तेल. मोटारसायकलच्या इंजिनात साधारण लिटरभरच तेल असतं आणि वंगणाबरोबर थंड करण्याचं कामही तेच करतं. गाडी सरळ उभी करून पातळी पाहा, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच तेल घाला. जास्त घातल्याने जास्त थंड होत नाही. पावसाळ्यानंतर फिन्समध्ये आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल काढा. मात्र तापलेल्या इंजिनावर गार पाण्याचा फवारा मारू नका. थंडीत लेग गार्डला प्लास्टिक किंवा रेक्झिन बांधणारे बरेच जण उन्हाळ्यातही ते काढत नाहीत. त्याने इंजिनाचा वाराच अडतो.

चौथं, आपली सवय. रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं दिसलं की इंजिन बंद करा. चाकणच्या कोंडीत याहून स्वस्त आणि लागू पडणारा उपाय मला सापडलेला नाही.

पाइपावरची पट्टी

आता जो उपाय सर्वांत आधी सुचवला जातो तो. बेंड पाइपावर काचतंतूची पट्टी गुंडाळतात. माझ्या गाडीला एका गॅरेजवाल्याने मोठ्या खात्रीने ती लावून दिली. पहिल्या फेऱ्यांत धूर आणि वास आला, तो येतोच. नडगीला खरंच बरं वाटलं. पण पाइपात कोंडलेली उष्णता मागे सायलेन्सरकडे गेली आणि मागे बसणारी बायको म्हणाली, "अहो, हल्ली माझ्याच पायाला जास्त झळ लागतेय." पुढे पावसाळा आला. पट्टी स्पंजासारखं पाणी धरून ठेवते. दिवाळीच्या सुमाराला ती सोडवली तर खालच्या वळणावर पाइपाचे गंजलेले पापुद्रे हातात आले आणि बोटाने दाबताच भोक पडलं. ना पट्टी राहिली, ना पाइप.

शर्यतीच्या गाड्यांवर, चांगल्या स्टेनलेस पाइपावर ही पट्टी चालते. जून ते सप्टेंबर रोज भिजणाऱ्या आपल्या साध्या लोखंडी पाइपावर ती लावू नका. तिच्यात तेल मुरलं तर ती पेट घेऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

दुसरा सल्ला मिळतो तो कन्व्हर्टर कापून टाकण्याचा किंवा मोकळा सायलेन्सर बसवण्याचा. हे अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय हवा-पेट्रोलचं गणित बिघडून इंजिन आणखी तापू शकतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या नडगीची झळ चुकवायची म्हणून रांगेत मागे उभ्या असलेल्याच्या छातीत विषारी धूर सोडायचा, हे मला मान्य नाही.

आडोसा, पण मध्ये हवा ठेवून

चालतो तो उपाय म्हणजे पाइप आणि पाय यांच्यामध्ये धातूचा आडोसा. तापलेल्या पाइपाची बरीचशी धग किरणांच्या रूपाने येते आणि चकचकीत ॲल्युमिनियम ती परत फिरवतं. अट एकच: पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा हवी. पत्रा पाइपाला चिकटला की तोच तापून चटका देतो. आधी कंपनीचं मूळ गार्ड जागेवर आहे का ते पाहा. पडल्यावर वाकलेलं, वॉशर हरवून पाइपाला टेकलेलं गार्ड मी कितीतरी गाड्यांवर पाहिलं आहे. कंपनीचाच सुटा भाग मिळत असेल तर तोच घ्या. तो बसवताना पाइपाला भोक पाडू देऊ नका, फिन्स झाकू देऊ नका, ऑक्सिजन सेन्सरची वायर मोकळी ठेवा.

कपड्यांचं म्हणाल तर जाड सुती पँट आणि घोट्याच्या वर येणारे सेफ्टी शूज उत्तम. कंपनीच्या गणवेशाची टेरिकॉट पँट आणि पावसाळ्यातली रेनकोटची पँट, दोन्हीपासून सावध राहा. हे कापड पाइपाला टेकलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावं. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसतो, पण कळत नाही.

मुलं आणि गल्ली

नडगीची झळ मोठी माणसं सोसतात. पोटरीवरचे फोड मुलांना येतात. माझा भाचा गाडीवरून उजव्या बाजूने उतरला आणि त्याची उघडी पोटरी सायलेन्सरला टेकली. 70 अंशांच्या धातूला त्वचा सेकंदभर टेकली तरी भाजते, 60 अंशांना पाचेक सेकंद पुरतात. नुकत्याच थांबलेल्या गाडीचा सायलेन्सर याहून कितीतरी तापलेला असतो. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून एकच शिकवा: चढायचं डावीकडून, उतरायचं डावीकडून. मागे बसणाऱ्याचे पाय फूटरेस्टवरच हवेत.

काळेवाडीच्या अरुंद गल्ल्यांत गाड्यांच्या रांगेशेजारीच पोरं खेळतात. गाडी लावताना सायलेन्सर भिंतीकडे येईल अशी लावा. अर्धा तास तरी तो भाग गरमच आहे असं धरून चाला.

भाजलंच तर नळाच्या साध्या गार, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काही नको. पैंजण, मोजा लगेच काढा. कापड चिकटलं असेल तर ओढू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, फोड आले असतील किंवा लहान मूल असेल, तर डॉक्टरांकडे न्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

शेवटी एक चाचणी सांगतो. कुठलाही उपाय केल्यावर स्वतःच्या नडगीवर निकाल देऊ नका. घरातल्या माणसाला मागे बसवा, संध्याकाळच्या गर्दीत गाडी दहा मिनिटं हळूहळू चालवा आणि उतरल्यावर त्यालाच विचारा, पायाला काय जाणवलं. मागचा माणूस "काही नाही" म्हणाला, तरच तो उपाय गाडीवर राहू द्या.