भौतिकोपचाराची पदवी : अभ्यासक्रम आणि कार्यक्षेत्र

भारतातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय १९५२ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने लुळी पडलेली बालके हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तथापि या विद्येची गरज सरली नाही. रुग्ण मात्र बदलले. मुंबईच्या उत्तरेस वसईजवळील सातिवलीसारख्या भागात कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. यंत्रावरील हाताची जखम आणि ओझ्याने धरलेली कंबर ही अशा ठिकाणची दुखणी होत.

पदवीचा विद्यार्थी प्रारंभी शरीररचना व शरीरक्रिया शिकतो. खरी कसोटी त्यानंतरची. स्नायूचे बळ त्याला स्वतःच्या हातांनी ० ते ५ या श्रेणीत मोजावे लागते. स्नायू मुळीच आकसत नसेल तर ०, नुसता फुरफुरला तर १. आधारावर हात आडवा सरकला, पण उचलला गेला नाही, तर २. स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला तर ३. ही पद्धतीही पोलिओग्रस्तांच्या तपासणीतूनच विकसित झाली.

बळ ३ वर आले की घास तोंडापर्यंत जातो आणि रोजंदारीवरील कामगाराला आपण बरे झालो असे वाटते. यंत्रावर परतण्यास मात्र प्रतिकार पेलणारे ४ किंवा ५ बळ हवे. रोज बुडवून उपचारास येणे त्याला परवडत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच घरी, पाण्याची बाटली किंवा टॉवेल घेऊन करता येतील असे व्यायाम आखून देणे, हा या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

प्रवेशासाठी बारावीस जीवशास्त्र आणि नीट परीक्षा आवश्यक असते. अभ्यासक्रमाच्या अखेरीस रुग्णालयात आंतरवासिता करावी लागते.