नंबर आधी सोडवा, फोन मग

मोबाइलशिवाय राहायचं ठरलं की हात आधी सिमकडे जातो. ते शेवटी. तुमचा नंबर कुठे कुठे गुंतलाय ते सोडवणं हेच खरं काम, आणि त्याला दोन-तीन महिने सहज लागतात.

एक दोनशे पानी वही घ्या. फोनमधले जुने ओटीपीचे मेसेज चाळत मागे जा आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाचं नाव उतरवा: बँक, विमा, गॅस, वीजबिल, पॅन, आधार. वही उलटी करून मागच्या बाजूने माणसांचे नंबर हाताने लिहा.

बँकेपासून सुरुवात करा. शाखेत लेखी अर्ज देऊन यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार मोबाइल नंबर न देणाऱ्या ग्राहकाला बँक एटीएममधून पैसे काढण्यापलीकडच्या इलेक्ट्रॉनिक सोयी नाकारू शकते. तेव्हा चेकबुक आणि विड्रॉल स्लिप यांवर भिस्त ठेवा. एसएमएस येणार नसल्याने खात्यातून परस्पर पैसे गेले तर ते फक्त पासबुकच सांगेल. दर आठवड्याला एंट्री मारून घ्या आणि काउंटर सोडण्याआधी तिथेच उभं राहून शेवटच्या ओळी वाचा. ओळखीची नसलेली रक्कम दिसली तर लगेच लेखी तक्रार द्या. यात आळस अजिबात नको.

सिलिंडर आणणारा माणूस कोड विचारतो, म्हणून एजन्सीत घरातल्या कुणाचा तरी नंबर नोंदवा. एकच नंबर अनेकांच्या आधारला जोडता येतो. मात्र त्यासाठी स्वतःची बायोमेट्रिक ओळख पटवावी लागते. नंबर पूर्ण विश्वासाच्या माणसाचाच द्या. ही तडजोड आहे, हे मान्य. पण महिन्याकाठी दुसऱ्याच्या फोनवर एखादा ओटीपी येणं आणि दिवसभर खिशात फोन वाजत राहणं यांत फार अंतर आहे, असं मला मनापासून वाटतं.

घरी लँडलाइन घ्या. जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. फायबरवरचा फोन राउटरसोबत बंद पडतो. राउटर इन्व्हर्टरवर टाका, नाहीतर रात्री-अपरात्री १०८ला फोन लागणार नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. खिडकीवर फॉर्म भरून तिकीट काढा, तत्काळच्या भरवशावर राहू नका. कुणाला भेटायचं असेल तर ‘उतरल्यावर फोन करतो’ चालणार नाही. जागा, वेळ आणि किती वाजेपर्यंत थांबणार, तिन्ही आधी ठरवा.

आता सिम. व्हॉट्सअॅप नुसतं काढून टाकू नका, सेटिंगमध्ये जाऊन खातंच डिलीट करा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो आणि तुमचे ओटीपी मग त्याच्या हाती पडतील. म्हणून वहीतल्या प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण झाल्याशिवाय कंपनीच्या दुकानात सिम परत करायला जाऊ नका.