रिपोर्ट निगेटिव्ह आला, भीती तशीच राहिली

एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली की माणूस सुटला, असं सगळे धरून चालतात. मी सुटलो नाही. लग्नाआधीच्या एका संबंधात निरोध फाटला आणि त्यानंतर जे मागे लागलं ते जंतूंचं दुखणं नव्हतं, भीतीचं होतं. रिपोर्टागणिक ते वाढत गेलं. आमच्या दहिवली-कर्जतहून रोज लोकलने जाणाऱ्या पोरांमध्ये असे आणखीही आहेत, हे मला आता माहीत आहे. ज्यांना विश्वासाने हे सांगितलं, त्यांतल्या काहींनी मान खाली घालून विचारलं, ‘तुलाही व्हायचं का रे असं?’ त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्याकडे पहिली अडचण ओळखीची. लॅबमध्ये रक्त काढणारा कुणाचा तरी मावसभाऊ असतो, औषधाच्या दुकानात वडिलांचे मित्र उभे असतात. म्हणून मी चाचणीसाठी बदलापूर गाठलं, मग कल्याण, मग पनवेल. पहिल्या रिपोर्टने काही आठवडे झोप लागली, पुढच्याने काही दिवस. शेवटी शेवटी बदलापूरला कागद हातात घेऊन गाडीत बसलो की नेरळच्या आत शंका हजर व्हायची. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का? किट जुनं असेल का? रुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या हमखास इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्या तर माझ्यासाठीच लिहिल्यासारख्या वाटायच्या.

शरीरही साथ देत होतं, आणि यातच माणूस सगळ्यात जास्त फसतो. जांघेत अवधाण आहे का हे दिवसभर चाचपलं की तिथे खरोखर दुखू लागतं. आरशात जीभ पाहून ब्रशने खरवडली की ती लाल होते, चरचरते. जेवण जात नाही म्हणून वजन उतरतं, आणि उतरलेलं वजन एड्सचं लक्षण म्हणून वाचलेलं असतं. धास्तीने तोंड कोरडं पडतं, पोट बिघडतं, रात्री घाम फुटतो. लघवीच्या जागी मी जंतुनाशक लावून इतका धूत असे की कातडी सोलवटली, आणि ती लाली पाहून नवा रोग ठरवला. लिंगाच्या कडेने बारीक मोत्यांसारखे दाणे कितीतरी निरोगी पुरुषांना असतात, त्यांना उपचार लागत नाही, हे त्वचारोगतज्ज्ञांनी एका नजरेत पाहून सांगितलं. तोवर मी ते रात्र रात्र मोबाइलच्या उजेडात मोजत होतो.

आता चाचण्यांविषयी, कारण अर्धवट माहितीवर भीती पोसली जाते. संबंधानंतर लगेच केलेली चाचणी निर्णायक नसते, मध्ये विंडो पिरियड असतो. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही शोधते. ती ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली की एचआयव्हीपुरता विषय संपतो. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या रॅपिड चाचणीला ९० दिवस धरतात. गरमीची म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणीही तीन महिन्यांनी केली की प्रश्न मिटतो. परमा आणि क्लॅमिडिया लघवीच्या तपासणीत साधारण दोन आठवड्यांत कळतात. हेपॅटायटिस बीची लस आहे, ती घेऊन टाकावी. संबंध नुकताच आला असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावं. तिथे गरज पाहून २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करतात, आणि ती घेतलेल्यांनी पुढच्या चाचण्यांच्या तारखा डॉक्टरांकडूनच घ्याव्यात.

ही सगळी माहिती मला पाठ होती. उपचार न घेणाऱ्या बाधित स्त्रीशी निरोधाशिवाय संबंध आला, तर पुरुषाला लागण होण्याचा सरासरी धोका दहा हजारांत चारच्या आसपास आहे, हेही ठाऊक होतं. मन म्हणायचं, त्या चारांतला तू. म्हणून मी सांगतो की रिपोर्ट फक्त शरीराबद्दल बोलतो. ‘शंभर टक्के खात्री द्या’ ही मागणी भीतीची असते आणि ती जगातली कुठलीच लॅब पुरी करू शकत नाही. मुदतीनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असून पुन्हा रक्त द्यावंसं वाटतं, तेव्हा दुखणं रक्तात शोधायचं नाही.

हे दुखणं नवं नाही आणि आपल्या मराठी घरांना अनोळखीही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक आपल्या खासगी शंका त्यांना पत्राने विचारत आणि ते छापील उत्तर देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. मला त्या पत्रलेखकांचं फार वाटतं. निदान विचारायला एक पत्ता तरी त्यांच्याकडे होता. शंका विचारायला जागा नसली की ती कुजते.

मला वाट मिळाली ती सरकारी रुग्णालयातल्या एका समुपदेशकाकडे. अशी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रं उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही असतात, चाचणी मोफत होते, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. त्या समुपदेशकांनी माझे सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि पुन्हा चाचणी करायला नकार दिला. म्हणाले, ‘दादा, आणखी एक केली तर मी तुमचा आजार वाढवीन. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.’ मला राग आला होता. पण माझ्यावर खरे उपचार सुरू झाले ते त्या नकारापासून.

डॉक्टरांनी याला आरोग्यचिंता म्हटलं, आणि मंत्रचळाशी तिचं जवळचं नातं आहे असं समजावलं. गोळ्या दिल्या. त्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, त्यांची सवय लागत नाही, पण त्या मनाने बंद करायच्या नसतात. गोळ्यांइतकंच काम दुसऱ्या गोष्टीने केलं. तपासायची उबळ आली की तपासायचं नाही. आधी दहा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास, मग रात्र. भीती वर चढते, टिकते आणि काही न करता उतरते, हे स्वतःच्या अंगावर अनुभवावं लागतं. ते फार अवघड आहे. पहिले दिवस मी उल्हास नदीच्या पुलावर नुसता चालत राहायचो, खिशात हात घालून, म्हणजे हात मानेतल्या गाठी चाचपायला जाणार नाहीत. मोबाइलवर लक्षणं शोधणं बंद केलं, जुने रिपोर्ट डॉक्टरांकडेच ठेवले.

नव्याने चाचणीची वेळ कधी येते, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं. नवा धोक्याचा संबंध आला तर, किंवा जखम, स्राव, पुरळ असं काही डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसलं तर. माझ्या डोळ्यांना दिसलं तर नाही.

घरच्यांना एक विनंती. असा माणूस रोज विचारतो, ‘मला काही झालं नसेल ना?’ तुम्ही मायेने रोज सांगता, ‘काही नाही झालं.’ त्या उत्तराने तासाभराचा आराम मिळतो आणि प्रश्न पुन्हा येतो. माझ्या बायकोला मी सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने ती म्हणू लागली, ‘भीती वाटतेय हे कळतंय मला, पण याचं उत्तर मी देणार नाही. चल, भाजी घेऊन येऊ.’ सुरुवातीला ते निष्ठुर वाटायचं. पण तसं म्हणताना ती जवळ बसलेली असे, आणि मला तेवढं पुरू लागलं. चिडू नका, ‘नाटकं पुरे’ म्हणू नका. मनात जीव देण्याचे विचार येतात असं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

चाचणी कधी करायची, कुठे करायची, धोका किती, असे प्रश्न असतील तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. ती उत्तरं आणि मुदतीनंतरचा रिपोर्ट हातात असूनही झोप लागत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावा. तोही मोफत, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही, त्यामुळे कर्जतला कुणी ओळखेल ही धास्तीही नको.