टायर आधी, डिफरन्शियल मग

नागपूर

चि. बाळ्यास,


ताईचा फोन आला होता. गाडीचा गिअरबॉक्स उतरवून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवायचं तुझ्या डोक्यात आहे म्हणे. बसव, तुझे पैसे आहेत. पण पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला ते काय देतं आणि काय मागतं, एवढं आधी ऐकून घे.

पावसाळ्यात मौद्याकडे धानाची चिखलणी बघितली असशील. बांधीत ट्रॅक्टरचं एक चाक रुतलं की तेच गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. ड्रायव्हर डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं जोडीने फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. मात्र वळायच्या आधी तो पेडल सोडतोच. नाहीतर स्टेअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर सरळच जायला बघतो. तुला हवी ती वस्तू साधं डिफरन्शियल आणि हे लॉक यांच्या मधली.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. चिखलातलं चाक 100 न्यूटन-मीटरलाच घसरत असेल, तर कोरड्या डांबरावरच्या चाकालाही 100च मिळणार. इंजिन मग कितीही ओरडो. तिरप्या गिअरांचं, म्हणजे हेलिकल, लिमिटेड स्लिप एकास तीन गुणोत्तराचं असेल, तर पकड असलेल्या चाकाला 300पर्यंत देऊ शकतं. पण एक चाक हवेत उचललं गेलं की? शून्याची तिप्पट शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबून त्या चाकावर थोडा भार द्यावा लागतो. क्लच प्लेटांच्या प्रकारात स्प्रिंगचा दाब आधीपासून असतो, म्हणून तिथे हा प्रश्न कमी. पण प्लेटा झिजतात. शिवाय तुझ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच ऑईलवर चालतात, म्हणजे प्लेटांना मानवणारं ऑईल गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगांनाही मानवायला हवं. हे बसवणाऱ्याला जरूर विचार. उत्तर देताना तो चाचरला, तर तिथून निघ.

मजा कुठे आहे तेही सांगतो. चिखलदऱ्याच्या घाटात चढणीच्या वळणावर ॲक्सिलरेटर दिलास की वजन मागे जातं, वळणाच्या आतलं पुढचं चाक हलकं होऊन फिरायला लागतं आणि गाडी बाहेर सरकते. लिमिटेड स्लिप असलं तर बाहेरचं चाक जास्त ओढतं आणि नाक वळणात आत येतं. 2025मध्ये भारतात आलेल्या गोल्फ जीटीआयमध्ये पुढच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक लॉक दिलंय ते याचसाठी. पण ती गाडी तेवढी ताकद धरूनच बनवलेली आहे.

आता गोची कुठे आहे ते ऐक. ओढणारी चाकंच वळणारीही आहेत, त्यामुळे सगळी ओढाताण स्टेअरिंगमधून हातात येते. समज, काटोल रोडवर पाऊस पडून गेलाय, डावं चाक काळ्या मातीच्या साईडपट्टीवर, उजवं डांबरावर, आणि तू ओव्हरटेक करायला जोरात ॲक्सिलरेटर दाबलास. लिमिटेड स्लिपमुळे उजवं चाक जास्त ओढणार, म्हणजे नाक डावीकडे, थेट त्या चिखलाकडे वळणार. एका हाताने स्टेअरिंग धरायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून लिहितोय.

तुझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असेलच. ते फिरत्या चाकाला ब्रेक लावतं. त्या चाकाला अडथळा मिळाला की साधं डिफरन्शियलही दुसऱ्या चाकाला तेवढा टॉर्क देतं. रेसट्रॅकवर सतत असं झालं तर ब्रेक तापतात, पण सदर ते हिंगणा येण्या-जाण्याला ते पुरेसं आहे. बटण दाबून ते बंद करायचा शौक तेवढा सोड.

आणि कोणतंही डिफरन्शियल पकड तयार करत नाही. आहे ती वापरतं. पकड टायरची. आपल्याकडच्या उन्हाने रबर वर्षागणिक कडक होतं, खाचा शाबूत दिसल्या तरी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाच. खाच 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली असेल तर कायद्यानेही तो टायर बाद.

पुढेमागे खरंच ट्रॅकवर जायला लागलास तर हेलिकलच घे, प्लेटांचं नको. आज मात्र त्या पैशात चार चांगले टायर घे, अलाइनमेंट करून घे आणि आईला तसं कळव. ती काळजीत आहे.

तुझा,
मामा