वह्या भरल्या, आता पुस्तक कसं व्हायचं?

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे. नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर गाइड म्हणून काम करतो, घरी धानाची शेती आहे. गेली सहा वर्षं रात्री जेवण झालं की वही लिहितो. जंगलात काय दिसलं, गावात कोण काय बोललं, आजीच्या जुन्या गोष्टी. अशा आठ वह्या झाल्या. एका पर्यटकाने त्या चाळल्या आणि पुस्तक काढा म्हणाले. त्यानंतर एका प्रकाशनाचा फोन आला. 45 हजार भरा, 500 प्रती छापू, विक्रीही आम्हीच बघू, असं ते म्हणतात. आई म्हणते, तेवढ्यात धानाच्या बांधीला मोटर बसेल. पुस्तक लिहून लोक खरंच कमावतात का? आणि सुरुवात कुठून करायची? सोबत वहीतलं एक पान पाठवतो आहे.
— एक वाचक, चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : आधी आईचं ऐका. ते 45 हजार आत्ता देऊ नका.

प्रकाशक ओळखायची खूण साधी आहे. जो स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढतो, त्याला ते विकावंच लागतं, नाहीतर त्याचं नुकसान होतं. जो तुमच्याकडून पैसे घेतो, त्याची कमाई तुम्ही पैसे दिले त्याच दिवशी झालेली असते. पैसे देऊन पुस्तक छापून घेण्यात गैर काही नाही, पण मग त्याला छपाई म्हणायचं. अशा छपाईत सगळ्या प्रती, मजकुराच्या फाइली आणि सगळे हक्क तुमच्याकडेच राहिले पाहिजेत. "विक्रीही आम्हीच बघू" हे वाक्य तर कागदावर मागा. किती दुकानांत ठेवणार, हिशेब कधी देणार, उरलेल्या प्रतींचं काय करणार, हे सगळं लिहून. बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं पहिलं पुस्तक मीही पैसे भरूनच काढलं होतं. वितरणाचा शब्द तोंडी होता. हजार प्रतींचे गठ्ठे घरी येऊन पडले आणि त्यानंतर फोन उचलले गेले नाहीत. दोन पावसाळे ते पलंगाखाली राहिले. एकदा खालचा गठ्ठा सोडला तर सुतळी हातात आली आणि पानांच्या जागी वाळवीची माती. त्या पुस्तकात माझ्या वडिलांवरचा लेख होता. त्या दिवशी वाईट वाटलं ते पैशांचं नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून इतकं लांबवून लिहितो आहे.

आता कमाईचा हिशेब मांडू. समजा, तुमचं पुस्तक 160 पानांचं आहे, म्हणजे छापखान्याच्या भाषेत सोळा पानी दहा फॉर्म. किंमत 250 रुपये. प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने काढलं आणि तुम्हाला दहा टक्के मानधन ठरलं, तर प्रतीमागे 25 रुपये मिळतात. मराठीत पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती निघायची. आता नव्या लेखकाची तीनशे किंवा पाचशेची निघते. तीनशेच्या तीनशे प्रती खपल्या तर तुमच्या हाती 7,500 रुपये येतील, आणि त्यालाही वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. स्वतः छापलं आणि छपाई प्रतीमागे 90 रुपये पडली असं धरा. दुकानदार 40 टक्के कमिशन घेतो, म्हणजे 100 रुपये. तुमच्याकडे उरतात 60. तेच पुस्तक तुम्ही स्वतः वाचकाच्या हातात दिलंत तर 160 उरतात. पहिल्या पुस्तकावर घर चालत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण प्रत कोणाच्या हातून विकली जाते यावर रक्कम अडीचपटीहून जास्त बदलते, आणि तुमच्यासोबत बाहेरगावचे लोक जंगलात जातात. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी लेखकांना असा वाचक भेटत नाही. गेटच्या आवारात विक्री करायची असेल तर मात्र आधी वनविभागाला विचारा.

लिहिण्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तुमचं ते एक पान मी चार वेळा वाचलं. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली आजी अस्वलाला चाहूल लागावी म्हणून रिकामा डबा वाजवत चालते, आणि झाडाखाली पोचल्यावर वेचायच्या आधी एक फूल बाजूला ठेवते. ते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला ते हवं आहे.

नागझिऱ्यावर मराठीत मोठ्या माणसांनी लिहिलं आहे. व्यंकटेश माडगूळकर इथल्या जंगलात येऊन राहिले आणि 'नागझिरा' नावाचं पुस्तक लिहिलं. किरण पुरंदरे इथे चारशे दिवस राहिले, त्यातून 'सखा नागझिरा' झालं, आणि पुढे ते तुमच्या जवळच्याच पिटेझरीला राहायला आले. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध आणि नागझिऱ्याच्या रानात वावरले. ते मूळचे सोलापूरचे. 'पक्षी जाय दिगंतरा' आलं तेव्हा ते पन्नाशीला आले होते, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं ते नोंदी ठेवत होते. पुढे 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले. बगळ्यांच्या सामूहिक वीणवसाहतीला त्यांनी 'सारंगागार' हा शब्द दिला, कावळ्यांच्या वस्तीला 'काकागार'. नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या रान जाणणाऱ्या माणसांजवळ बसून ते शिकले, आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं.

ही तिन्ही माणसं मला वंदनीय आहेत. पण तिघंही बाहेरून आली. त्यांच्यासाठी नागझिरा हे जाण्याचं ठिकाण होतं. तुमच्यासाठी तो बांधीच्या पलीकडे सुरू होतो. ज्याचं धान रानडुकरं खातात, ज्याच्या घरातलं माणूस तेंदूपानं तोडायला जातं आणि जो उजाडताच पाहुण्यांना वाघ दाखवायला निघतो, त्या एकाच माणसाच्या मनात जंगलाविषयी काय काय असतं? हे पुस्तक मला वाचायचं आहे. वाघ दिसल्याचं वर्णन तुमचे पाहुणेही लिहितील. आजीचा डबा तुम्हीच लिहू शकता.

भाषेचं म्हणाल तर तुमच्या भागातली झाडीबोली लपवू नका. तुमच्या पानात 'रोवणा' (भातलावणी), 'बोडी' (लहान तळं), 'पऱ्हे' (भाताची रोपं) हे शब्द आले आहेत आणि दोन ठिकाणी ते खोडून तुम्ही पुस्तकी शब्द घातले आहेत. खोडलेले परत आणा. निवेदन नेहमीच्या मराठीत ठेवलंत तरी चालेल, पण माणसं बोलतील ती त्यांच्याच बोलीत. आजी 'पानी' म्हणत असेल तर मुद्रितं तपासणाऱ्याने त्याचं 'पाणी' करता कामा नये, हे हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर लिहून द्या. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचलं, आणि झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलनं 1990च्या दशकापासून तुमच्याच भागात भरत आली आहेत. तिथे जा, एक पान वाचून दाखवा. ऐकणारे कुठे हसतात, कुठे गप्प होतात, एवढं पाहिलंत तरी तुम्हाला पुष्कळ कळेल.

आठ वह्या म्हणजे पुस्तक नव्हे, हेही सांगायला हवं. वहीत रोजचं सगळं असतं. पुस्तकात निवडलेलं असावं लागतं. पावसाळ्यात जंगल पर्यटनासाठी बंद असतं. रोवणा आटोपला की त्या दिवसांत वह्या पुन्हा वाचा आणि मनात राहिलेल्या वीसच गोष्टी काढा. आठवड्याला एक नीट लिहा. मोबाइलवर बोलून टाइप केलंत तरी चालेल, फक्त युनिकोडमध्ये असू द्या, म्हणजे तो मजकूर पुढे कुठेही जसाच्या तसा उघडेल. आणि एक कळकळीची विनंती. वाघिणीची पिल्लं कुठे आहेत, कोणत्या झाडावर घरटं आहे, ते ठिकाण ओळखू येईल असं लिहू नका. पुस्तक कोणाच्या हाती पडेल, ते आपल्या हातात नसतं.

लेख तयार झाले की लगेच पुस्तकाकडे धावू नका. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना आणि दिवाळी अंकांना पाठवा. दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, तेव्हा मे-जूनमध्ये मजकूर पोचलेला बरा. मानधन काही जण देतात, काही देत नाहीत. आधी विचारण्यात संकोच नको. चार-पाच लेख छापून आले की प्रकाशकाला पाठवायला तुमच्याजवळ काहीतरी असतं. नागपुरात निसर्गविषयक पुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत. चितमपल्लींची बरीच पुस्तकं तिथल्याच साहित्य प्रसार केंद्राने काढली. पूर्ण बाड पाठवू नका. दोन प्रकरणं, अनुक्रमणिका आणि एका पानाचं पत्र पुरतं.

पहिल्या पुस्तकासाठी सरकारी वाटही आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना नेमकी अशांसाठीच आहे. मंडळाकडून प्रवेशिका मागवल्या जातात, हस्तलिखित तपासलं जातं आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. त्यांची जाहिरात लक्षात ठेवून पाहत राहा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 35 वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो, म्हणजे तुमच्याजवळ अजून आठ वर्षं आहेत.

लेखकाला पैसे देणारी एक जागा तर तुमच्या भागातच आहे आणि तुम्ही तिचा उल्लेखही केला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. ती म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने रात्र-रात्र नाटकं होतात, लोक तिकीट काढून बसतात. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. या मंडळ्यांना दर हंगामात नवं नाटक लागतं आणि ते कोणीतरी लिहावंच लागतं. पुस्तक न वाचणारा माणूसही तिथे लेखकाचं वाक्य ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी चौकात बोलून दाखवतो. तुमच्या पानातला आजी आणि फॉरेस्ट गार्डचा संवाद वाचताना मला तो रंगमंचावर दिसला. एखाद्या मंडळीच्या तालमीला जाऊन बसा. जमेल असं वाटलं तर एक प्रवेश लिहून पाहा, आणि द्यायच्या आधी मानधन ठरवून घ्या.

मोबाइलवरचं लेखनही आहेच. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी मराठी कथामालिका वाचल्या जातात. किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येतं, त्याला छपाईचा खर्च नाही, आणि लेखकाचा वाटा योजनेप्रमाणे 35 किंवा 70 टक्के असतो. टक्का मोठा दिसतो, पण वाचक तुम्हालाच गोळा करावा लागतो.

आता कागदपत्रं. कायद्याच्या दृष्टीने तुमचं लेखन लिहिलं त्या क्षणापासून तुमचं आहे. कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व नंतर 60 वर्षं टिकतो. करारात मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. "सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे" असं असेल तर सही करू नका. एका आवृत्तीपुरता किंवा ठरावीक वर्षांपुरता मराठी पुस्तक छापण्याचा हक्क द्या. भाषांतर, नाटक, चित्रपट, ऑडिओ हे वेगळे ठेवा. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर 1957चा कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर, करारात वेगळं ठरलेलं नसल्यास, तो हक्क सुटतो. आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. पर्यटकांनी तुम्हाला पाठवलेले वाघाचे फोटो त्यांच्या मालकीचे आहेत. एक जरी छापायचा झाला तरी त्यांची लेखी परवानगी घ्या.

हे सगळं पुढचं. या आठवड्यात एवढंच करा : आठही वह्यांच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि एक संच गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. वह्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. आणि आजी असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसून विचारा, ते पहिलं फूल बाजूला कोणासाठी ठेवायच्या. त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, आणि मला पाठवा.